टपाली मत : टाकण्याची तारीख आणि पोचण्याची घटका

(निवडणुकीच्या कामावर नेमलेले शिक्षक, ग्रामस्थ व शासकीय कर्मचारी यांच्या तालुका मेळाव्यात एका निवृत्त महसूल अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला बोलण्यासाठी जो विषय दिला आहे, तो ऐकावयास फार लहान वाटतो. टपालाने पाठविलेले मत कोणत्या वेळेपर्यंत स्वीकारावे, एवढाच तो प्रश्न. परंतु ज्याचे मत त्या वेळेनंतर पोचते, त्याच्या दृष्टीने तो लहान नसतो.

नोकरीच्या आरंभीच्या काळातील एक आठवण सांगतो. एका मतमोजणीच्या वेळी टपाली मतपत्रिकांच्या टेबलावर कारकून म्हणून माझी नेमणूक झाली होती. मोजणीची ठरलेली वेळ उलटून वीसएक मिनिटे झाली असतील, तोच पोस्टमन घामाघूम होऊन आला. त्याच्या हातात तीन पाकिटे होती. त्यांतील एकावरील टपालाचा शिक्का नऊ दिवसांपूर्वीचा होता. दुसऱ्या तालुक्यात निवडणुकीच्या कामावर गेलेल्या एका शिक्षिकेचे ते पाकीट. आमच्या साहेबांनी घड्याळाकडे पाहिले, पाकिटावर तारीख व वेळ लिहिली, सही केली आणि तिन्ही पाकिटे न उघडता वेगळ्या पुडक्यात बांधून मोहोरबंद करण्यास सांगितले. त्यांची कोणतीही चूक नव्हती. पोस्टमनचीही नव्हती. टपाल वाटेत कोठे अडले, ते शेवटपर्यंत कळले नाही.

पुढे काही आठवड्यांनी त्या बाई कचेरीत काही कामासाठी आल्या होत्या. जाता जाता त्यांनी सहज विचारले, "माझे मत पोचले ना हो वेळेवर?" मी खरे ते सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. शेकडो लोकांची मते घेण्याचे काम ज्यांनी दिवसभर उन्हात केले, त्यांचे स्वतःचे मत मात्र न उघडलेल्या पाकिटात राहिले होते. तो प्रसंग मी विसरलो नाही, आणि म्हणूनच आजचे निमंत्रण स्वीकारले.

प्रथम नियम काय आहे ते पाहू. लोकसभा व विधानसभा निवडणुका १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांप्रमाणे होतात. त्या नियमांप्रमाणे टपाली मतपत्रिका मतमोजणी सुरू करण्यासाठी ठरविलेल्या वेळेपूर्वी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हाती पोचली पाहिजे. नियम ५४-अ असे सांगतो की, मोजणीच्या वेळी टपाली मतपत्रिका आधी हाताळावयाच्या. परंतु मुदतीनंतर आलेले पाकीट उघडावयाचे नाही आणि त्यातील मत मोजावयाचे नाही. पाकीट पोस्टात केव्हा टाकले, त्यावर कोणत्या तारखेचा शिक्का आहे, पावती आहे की नाही, याला या नियमात स्थान नाही. कायदा पाकीट पोचल्याची घटका पाहतो, टाकल्याची तारीख पाहत नाही.

हा नियम कठोर आहे, यात शंका नाही. पण तो निष्कारण कठोर नाही. निकालाचा कल दिसू लागल्यावर बाहेरून आलेली पाकिटे स्वीकारू लागलो, तर प्रत्येक पाकिटावर संशय घेतला जाईल. कोठे तरी रेघ ओढावीच लागते. प्रश्न इतकाच की, ती रेघ ओढणाऱ्याने पाकिटाला चालावयाची वाट मोजली आहे काय?

ही वाट केवढी असते याचा आपण क्वचितच विचार करतो. गावातल्या पेटीत टाकलेले पत्र शाखा डाकघरातून उपडाकघरात जाते, तेथून वर्गवारीच्या केंद्रात, मग रेल्वेने वा मोटारीने दुसऱ्या केंद्रात, आणि पुन्हा तशाच पायऱ्या उतरत पत्त्यावर पोचते. मध्ये एखादा रविवार येतो, सुट्टी येते, पावसाळ्यात घाटाचा रस्ता बंद पडतो. एका पायरीवर एक दिवस गेला, तरी पत्र पाठविणाऱ्याला त्याची वार्ताही नसते.

हा प्रश्न एकट्या आपल्यापुढे नाही. अलीकडच्या वर्षांत तो सर्वांत तीव्रपणे उभा राहिला आहे तो अमेरिकेत. तेथे लक्षावधी नागरिक घरबसल्या टपालाने मत देतात. मतदानाचा दिवस सबंध देशाला एकच, नोव्हेंबरातील पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार; परंतु टपाली मत केव्हापर्यंत स्वीकारावे हे प्रत्येक राज्य आपल्या कायद्याने ठरवीत आले. काही राज्यांत पाकीट मतदानाच्या दिवशीच पोचले पाहिजे. काही राज्यांत त्या दिवसापर्यंतचा टपालाचा शिक्का असला, तर पुढे काही दिवसांनी आलेले पाकीटही चालते. कॅलिफोर्नियाने अशी सात दिवसांची सवलत दिली. मिसिसिपी राज्याने २०२० साली कामकाजाच्या पाच दिवसांची दिली. २०२४ च्या निवडणुकीत अशी सवलत देणारी राज्ये दीड डझनाच्या आसपास होती.

नेमक्या याच काळात तेथील टपाल मंदावले. ऑक्टोबर २०२१ पासून तेथील टपाल सेवेने दूरच्या पत्रांसाठी पोचण्याची अपेक्षित मुदत तीन दिवसांवरून पाच दिवसांपर्यंत वाढविली. त्यानंतर वाहतुकीचा खर्च वाचविण्यासाठी आणखी एक बदल झाला. प्रादेशिक केंद्रापासून ५० मैलांहून, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरांहून, दूर असलेल्या अनेक डाकघरांतील पत्रे त्याच संध्याकाळी न उचलता दुसऱ्या दिवशी उचलली जाऊ लागली. आता गंमत अशी की, तारखेचा शिक्का बहुधा गावच्या डाकघरात पडत नाही. तो मोठ्या केंद्रातील यंत्रावर पडतो. म्हणजे खेड्यातील शेतकऱ्याने मतदानाच्या दिवशी पाकीट पेटीत टाकले, तरी त्यावर दुसऱ्या दिवसाची तारीख उमटू शकते. डिसेंबर २०२५ मध्ये तेथील टपाल सेवेने आपल्या नियमांतच हे स्पष्ट केले की, शिक्क्यावरील तारीख ही पत्र आमच्या ताब्यात आल्याची तारीख असेलच असे नाही. ज्याला तारखेची खात्री हवी, त्याने डाकघराच्या खिडकीवर जाऊन हाताने शिक्का मारून घ्यावा.

मुदतीबाबत तेथे दोन मते आहेत. एक पक्ष म्हणतो, मतदानाचा दिवस संपला म्हणजे निवडणूक संपली. त्यानंतर मते येत राहिली तर लोकांचा विश्वास उडेल. दुसरा पक्ष म्हणतो, पत्र केव्हा टाकावे एवढेच मतदाराच्या हाती आहे. ते केव्हा पोचावे हे सरकारी टपालाच्या हाती आहे. मग टपालाच्या उशिराची शिक्षा मतदाराला का? २०२५ या एकाच वर्षात कॅन्सस, नॉर्थ डकोटा, यूटा आणि ओहायो या चार राज्यांनी आपली सवलत काढून टाकणारे कायदे केले. मिसिसिपीच्या सवलतीविरुद्धचा दावा त्याच वर्षी नोव्हेंबरात तेथील सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीस घेतला.

इतर देशांनी आपापल्या परी वाटा काढल्या आहेत. ऑस्ट्रेलियात मतदान संपण्यापूर्वी दिलेले टपाली मत मतदानानंतर १३ दिवसांपर्यंत स्वीकारतात. ब्रिटनमध्ये अशी सवलत नाही. मतदानाच्या दिवशी रात्री दहापर्यंत मत पोचले पाहिजे. पण तेथे मतदाराला आपले पाकीट स्वतः मतदान केंद्रावर नेऊन देता येते. टपालावर विसंबावे लागू नये म्हणून ठेवलेली ही पळवाट नव्हे, पायवाट आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडे टपाली मताची सोय सर्वांना नाही. सैन्यातील व तत्सम सेवा मतदार, निवडणुकीच्या कामावरील कर्मचारी, प्रतिबंधक स्थानबद्धतेतील व्यक्ती, आणि अलीकडे वृद्ध, अपंग व अत्यावश्यक सेवेतील काही मतदार यांनाच ती आहे. टपालाच्या विलंबावर आपण जो उपाय केला, तो अमेरिकेहून वेगळा आहे. आपण मुदत वाढविली नाही; वाट कमी केली.

ती कशी, ते क्रमाने सांगतो. २००३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन सैनिकांना आपल्या गावातील विश्वासू माणसाकरवी, म्हणजे प्रतिनिधीकरवी, मत देण्याची मुभा मिळाली. ऑक्टोबर २०१६ मध्ये नियम बदलून सेवा मतदारांना कोरी मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठविण्याची तरतूद झाली, आणि पुदुच्चेरीतील नेल्लितोप येथील पोटनिवडणुकीत तिचा प्रथम वापर झाला. पूर्वी मतपत्रिका टपालाने जावयाची आणि टपालाने यावयाची. आता जाण्याची खेप क्षणात होते. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत १८ लाखांहून अधिक सेवा मतदारांची नोंद होती आणि त्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांची मते परत आली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आणखी एक महत्त्वाची दुरुस्ती झाली. निवडणुकीच्या कामावरील कर्मचाऱ्याने आपली मतपत्रिका सुविधा केंद्रातच घ्यावयाची, तेथेच मत नोंदवावयाचे आणि तेथेच परत द्यावयाची. आणि वृद्धांच्या बाबतीत, २०२४ पासून ८५ वर्षांवरील मतदारांना, तसेच ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्यांना, अर्ज केल्यास मतदान पथक घरी येऊन मत घेते. नाव टपाली मताचे. पण पोस्टाची पेटी त्यात येतच नाही.

म्हणजे शिक्षक बंधुभगिनींनो, मी आरंभी सांगितलेल्या बाईंवर जो प्रसंग आला, तो आज तुमच्यावर येण्याचे कारण बव्हंशी उरलेले नाही. ही समाधानाची गोष्ट आहे.

परंतु वाटेचा काही भाग अद्याप शिल्लक आहे. सैनिकाला मतपत्रिका क्षणात मिळते खरी, पण भरलेले पाकीट अजूनही टपालानेच परत येते. येथे एक साधा हिशेब तुमच्यापुढे ठेवतो. उमेदवारी मागे घेण्याची मुदत संपून अंतिम यादी झाल्याखेरीज मतपत्रिका तयार होत नाही. म्हणून त्या दिवसापासून मोजणीपर्यंतचे दिवस हाच सैनिकाला मिळणारा खरा अवधी. २०२२ च्या गोवा विधानसभा निवडणुकीत अर्ज मागे घेण्याचा अखेरचा दिवस ३१ जानेवारी होता, मतदान १४ फेब्रुवारीला झाले आणि मोजणी १० मार्चला. अवधी मिळाला ३८ दिवसांचा. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत अर्ज मागे घेण्याचा दिवस ४ नोव्हेंबर, मतदान २० नोव्हेंबरला आणि मोजणी २३ नोव्हेंबरला. अवधी १९ दिवसांचा, म्हणजे बरोबर निम्मा.

समजा, एकाच पलटणीत लडाखच्या सीमेवर दोन जवान आहेत. एक सत्तरी तालुक्यातला, दुसरा चंदगडचा. दोघांची चौकी एक, दोघांचे टपाल एकाच गाडीने खाली उतरते, दोघांवर हिमवर्षाव सारखाच होतो. तरी एकाच्या मताला ३८ दिवस मिळाले आणि दुसऱ्याच्या मताला १९. यात कोणी पक्षपात केला असे मुळीच नाही. गोव्यात मोजणी उशिरा झाली ती इतर राज्यांतील मतदानाचे टप्पे संपावयाचे होते म्हणून. अमेरिकेत सवलतीचे दिवस कायद्यात लिहिलेले असतात. आपल्याकडे ते वेळापत्रकाच्या ओघात कधी मिळतात, कधी मिळत नाहीत. माझे नम्र मत असे की, मोजणीच्या घटकेची रेघ आहे तशीच कडक राहावी. पण मतपत्रिका तयार झाल्यापासून त्या घटकेपर्यंत किमान किती दिवस असावेत, हे दुर्गम ठाण्यावरील टपालाचा वेग मोजून ठरवावे. रेघ कडक ठेवावयाची असेल, तर वाट पुरेशी द्यावी.

दुसरी उणीव आपल्या गोव्याच्या जिव्हाळ्याची आहे. आपल्याकडील शेकडो घरांतील माणसे तारवटी म्हणून जहाजांवर आहेत. महिनोन्‌महिने समुद्रावर असलेला हा मतदार सेवा मतदारांच्या व्याख्येत बसत नाही. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकांचे नाव यादीत घेण्याची तरतूद २०१० च्या दुरुस्तीने झाली, पण मत देण्यासाठी त्यांनी स्वतः मतदान केंद्रावर आले पाहिजे. त्यांना इलेक्ट्रॉनिक टपाली मतपत्रिका द्यावी असे निवडणूक आयोगाने २०२० साली केंद्र सरकारला सुचविले होते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपर्यंत ती सोय झाली नव्हती. ज्याला पाकीटच मिळत नाही, त्याच्यापुढे मुदतीचा प्रश्नही उभा राहत नाही. उद्या ही सोय झाली, तर समुद्रावरून पाकीट किती दिवसांत येईल, याचा विचार त्याच वेळी करावा लागेल.

कोणी म्हणेल, मूठभर पाकिटांसाठी एवढा खटाटोप कशाला? त्याला उत्तर आकड्यांतच आहे. गोव्यात २०२२ साली सांत आंद्रे मतदारसंघाचा निकाल अवघ्या ७६ मतांनी लागला. २०२४ मध्ये मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघात, जेथे लाखोंनी मतदान झाले, अंतर ४८ मतांचे होते. गुजरातेत धोळका येथे २०१७ साली विजयाचे अंतर ३२७ मतांचे होते आणि बाद ठरविलेल्या टपाली मतपत्रिका ४२९ होत्या. उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये ती निवडणूक रद्द ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात त्या निर्णयास स्थगिती दिली. पाकिटांचा एक गठ्ठा किती दूरवर जाऊन पोचतो, याचे हे उदाहरण आहे. पण आकडे बाजूला ठेवले तरी माझे म्हणणे तेच राहील. एका मताने निकाल फिरो वा न फिरो, ते मत देणाऱ्याचे असते.

आता आपण काय करावे, एवढे सांगून आवरते घेतो.

निवडणुकीच्या कामाचा आदेश हाती पडताच आपले नाव कोणत्या मतदारसंघाच्या यादीत आहे ते पाहावे. नेमणूक आपल्याच मतदारसंघात असेल, तर निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र घेऊन नेमणुकीच्या केंद्रावरच यंत्रावर मत देता येते. नेमणूक दुसऱ्या मतदारसंघात असेल, तर टपाली मतपत्रिकेसाठी नमुना १२ मध्ये अर्ज करावा. नियमाप्रमाणे प्रमाणपत्राचा अर्ज मतदानापूर्वी किमान चार दिवस आणि टपाली मतपत्रिकेचा किमान सात दिवस आधी द्यावयाचा असतो. पण प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी दिलेला अर्ज सर्वांत चांगला. एकदा टपाली मतपत्रिका घेतली की मतदान केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, हे विसरू नये.

उशिराइतकीच मते निष्काळजीपणाने बाद होतात. मतपत्रिका लहान पाकिटात घालून ते बंद करावे. घोषणापत्र, म्हणजे नमुना १३ अ, त्या लहान पाकिटात घालू नये; ते आणि लहान पाकीट ही दोन्ही मोठ्या पाकिटात ठेवावीत. घोषणापत्रावर स्वतःची सही व अधिकाऱ्याचे साक्षांकन हवे, आणि त्यावरील मतपत्रिकेचा अनुक्रमांक लहान पाकिटावरील क्रमांकाशी जुळला पाहिजे. यांपैकी एक गोष्ट चुकली तरी आतले पाकीट न उघडताच मत बाद होते. वेळेवर पोचूनही न उघडलेले पाकीट हे मला उशिरा आलेल्या पाकिटापेक्षा अधिक दुःखद वाटते, कारण ती चूक टाळणे सर्वस्वी आपल्या हाती होते.

ग्रामस्थांना दोन विनंत्या आहेत. ज्यांचा मुलगा, सून वा भाऊ सैन्यात आहे, त्यांनी निवडणूक जाहीर होताच त्याला कळवावे की मतपत्रिका मिळाली की त्याच दिवशी भरून पाठव. पाकीट मोजणीच्या घटकेपूर्वी पोचले पाहिजे, मतदानाच्या तारखेशी त्याचा संबंध नाही. घरात ८५ वर्षांवरील वडीलधारी माणसे असतील, तर निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत नमुना १२ ड भरून द्यावा. मात्र हे सर्व लोकसभा व विधानसभेपुरते झाले. ग्रामपंचायत व जिल्हा पंचायतीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. त्यांचे नियम त्या त्या वेळी विचारून घ्यावेत.

कचेरीतील माझ्या सहकाऱ्यांनाही एक शब्द. मोजणीच्या सकाळी ठरलेल्या वेळेपर्यंत आलेले प्रत्येक पाकीट आपल्या टेबलावर येईल, अशी व्यवस्था टपाल खात्याशी आदल्या दिवशीच बोलून पक्की करावी. आपल्या आवारातील आवक बारनिशीच्या टेबलावर एखादे पाकीट पडून राहिले आणि वेळ टळली, तर त्याला टपालाचा विलंब म्हणता येणार नाही.

मुदत ही पाळावयाचीच असते. त्या दिवशी आमच्या साहेबांनी पाकीट उघडले नाही, हे योग्यच केले. पण त्या बाईंच्या प्रश्नाला मी जे उत्तर दिले, ते यापुढे या तालुक्यातील कोणत्याही कारकुनाला द्यावे लागू नये, एवढी काळजी आपण सर्वांनी मिळून घेऊ या.